थरथर कुणाची?

श्रोतेहो, खरखर म्हणजे काय, हे रेडिओ ऐकणाऱ्यांना समजावून सांगायची गरज नाही. मिडियम वेव्हवर बातम्या लावाव्यात आणि नेमकी शेजारच्यानं पाण्याची मोटार चालू करावी, की निवेदकाचा आवाज खरखरीत बुडालाच. पण म्हणून कुणी रेडिओ उचलून फेकत नाही. आपण तो थोडा फिरवतो, खिडकीत नेऊन ठेवतो, घरातली ट्यूबलाइट बंद करून बघतो. खरखर रेडिओतली नाही, भोवतालची आहे, हे आपल्याला अनुभवानं ठाऊक असतं. आज मी अशा एका वस्तूबद्दल बोलणार आहे, जिच्यातही खरखर येते, पण ती ऐकू येत नाही, डोळ्यांना दिसते. ऐकू येत नाही म्हणूनच बहुधा माणसं त्या वस्तूला लवकर भंगारात काढतात.

ही वस्तू म्हणजे टेबलावरच्या कॉम्प्युटरचा बिनतारी ट्रॅकपॅड. तळहाताहून थोडी मोठी, गुळगुळीत पाटी. तिच्यावर बोट फिरवलं की पडद्यावरचा कर्सर, म्हणजे तो छोटा बाण, फिरतो. लॅपटॉपला ही पाटी अंगचीच असते, टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी वेगळी घ्यावी लागते. माउस धरून धरून माझं मनगट दुखायला लागलं, तेव्हा मुलानं ती आणून दिली. जुन्या वह्यांमधल्या कविता टाइप करून संग्रह सिद्ध करण्याचं काम तिच्यावर छान चाललं होतं. मग एका संध्याकाळी कर्सर बिघडला. मध्येच अडायचा, आणि मग उडी मारून भलत्याच ओळीवर जाऊन बसायचा. कधी जागच्या जागी थरथरायचा. एक शब्द खोडायला जावं, तर अख्खं कडवं गायब. दुकानदारानं पाटी न बघताच निदान केलं, "सर, गेली ही. नवी घ्या."

नवी घेता आली असती. पण त्या थरथरीनं माझ्या मनात वेगळीच शंका आली होती. अब्बांना शेवटच्या काही वर्षांत कंपवात होता. ते चहा घेत, तेव्हा कपबशीचा किणकिण आवाज व्हायचा आणि आम्ही मुलं मुद्दाम दुसरीकडे बघायचो. आता माझंही वय पंचावन्नच्या पुढे आहे. कर्सर थरथरला की मी हात मांडीवर ठेवायचा आणि त्याच्याकडे बघत बसायचा. घरात कुणाजवळ बोललो नाही. बिघाड पाटीत आहे की माझ्यात, हे मला कळायलाच हवं होतं.

पहिली परीक्षा सोपी. कपाटातला जुना तारेचा माउस काढून कॉम्प्युटरला जोडायचा. तोही अडखळला, तर दोष कॉम्प्युटरचा. त्याच्यावर कामाचा बोजा जास्त झालेला असतो, नाही तर मेमरी भरत आलेली असते. माझा माउस सुरळीत चालला. म्हणजे कॉम्प्युटर सुटला. दुसरी परीक्षा त्याहून सोपी, ट्रॅकपॅड पूर्ण चार्ज करायचा. सेल उतरला की आतलं बिनतारी यंत्रही क्षीण होतं. तेही केलं. फरक पडला नाही.

मग मी पाटीचे नखरे नीट बघायला लागलो. कर्सर अडणं आणि उडी मारणं ही एक तऱ्हा. जागच्या जागी थरथरणं ही दुसरी. वरवर दोन्ही सारखीच वाटतात, पण त्यांची मुळं वेगळी.

थरथरीचं मूळ स्पर्शात असतं. पाटीच्या पृष्ठभागाखाली बारीक वाहकांची जाळी असते. बोट जवळ आलं की तिथला विजेचा भार अगदी किंचित बदलतो, आणि तेवढ्यावरून पाटी बोटाची जागा ओळखते. पेनच्या टोपणानं ती हलत नाही, ती याचमुळे. उलट वजू करून आलेली ओली बोटं, घामेजलेला तळवा किंवा खोबरेल लागलेला अंगठा तिला फसवतो. कोरड्या मऊ कापडानं पाटी पुसली आणि हात पुसून बसलं, तर निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात. माझ्या तक्रारी काही मिटल्या नाहीत.

अडण्याचं आणि उडीचं मूळ हवेत असतं. पाटी आणि कॉम्प्युटर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांशी बोलतात. कमी शक्तीच्या यंत्रांसाठी हा पट्टा आपल्याकडे २००५ पासून परवान्याविना खुला आहे, म्हणून तिथं आठवडी बाजार भरलेला असतो. वाय-फायचा राउटर तिथंच, शेजाऱ्यांचे राउटर तिथंच, मायक्रोवेव्ह भट्टीही तिथंच. या गर्दीतून वाट काढण्यासाठी ब्लूटूथ सेकंदाला १,६०० वेळा आपली वारंवारता बदलू शकतं. गर्दी दिसली की बाजूला सरकायचं. वारंवारता बदलत संदेश पाठवण्याच्या अशाच एका युक्तीचं पेटंट १९४२ साली हेडी लमार ही हॉलिवूडची नटी आणि जॉर्ज अँथेल हा संगीतकार या दोघांनी मिळवलं होतं. ते होतं पाणतीरांसाठी. कवी माणसाला अशा गोष्टी ऐकून बरं वाटतं, दुसरं काय!

पण सरकायलाही जागा लागते. २०१२ साली इंटेल कंपनीनं एक तांत्रिक टिपण काढलं. यूएसबी ३.० ही जी वेगवान जोडणी आहे, बहुधा निळ्या रंगाच्या खाचेची, ती काम करताना नेमक्या याच पट्ट्यात विद्युत गोंगाट पसरवते, असं त्यात दाखवलं होतं. जवळच जर बिनतारी माउसचा रिसीव्हर असेल, तर तो बहिरा होतो. इथं मला धागा मिळाला; पण धागा म्हणजे पुरावा नव्हे.

औंढा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे नागनाथाचं देऊळ येतं. यापुढे आमचा तालुका आणखी एका कारणानं ओळखला जाईल. गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा इथं व्हायची आहे. तिला २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी मिळाली. काटकोनातल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्श्याहून लहान फरक पडला तरी तो टिपायचा. इतक्या नाजूक यंत्राला शांत जमीन हवी. आमच्याकडे रेल्वेची वर्दळ नाही, मोठे कारखाने नाहीत. आयुष्यभर ज्याला मागासलेपण म्हणत आलो, ते एकदाचं कुणाच्या तरी कामी येतं आहे.

अमेरिकेत हॅनफर्ड इथं अशी वेधशाळा आहे. २०१७ च्या उन्हाळ्यात तिच्या नोंदींत मधूनमधून विचित्र धक्के दिसू लागले. शास्त्रज्ञांनी यंत्र खोललं नाही. यंत्राभोवतीचा आवाज, कंप, वीज यांच्याही नोंदी तिथं सतत ठेवल्या जातात. त्या जुळवून बघितल्या, तर धक्क्याच्या वेळी मायक्रोफोनमध्ये टकटक ऐकू येत होती. बाहेर जाऊन पाहिलं, तर द्रवरूप नायट्रोजनच्या नळीवर साठलेल्या बर्फावर चोचींच्या खुणा! तहानलेले डोमकावळे बर्फ टोचत होते.

हे वाचल्यावर मी एक वही केली. कर्सर बिघडला की वेळ लिहायची आणि त्या वेळी घरात काय काय चालू होतं, तेही लिहायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या, तर गुण कशाचा, ते कळत नाही. आठ दिवसांत वही बोलायला लागली. उडी मारण्याच्या सगळ्या नोंदी रात्री आठच्या पुढच्या. आठ वाजता माझा कॉम्प्युटर दिवसभराचं लिखाण बाहेरच्या हार्ड डिस्कवर आपोआप उतरवून ठेवतो. ती डिस्क निळ्या खाचेत, आणि ट्रॅकपॅडचा रिसीव्हर कॅबिनेटच्या मागे तिच्या शेजारीच, वरून टेबलाचा लोखंडी पत्रा. म्हणजे कविता जपून ठेवण्याची वेळ हीच कर्सर बहिरा होण्याची वेळ! हातभर लांबीची यूएसबी वायर आणली, रिसीव्हर टेबलावर पाटीसमोर आणला, डिस्क दुसऱ्या बाजूला नेली. उड्या थांबल्या. ज्यांचा ट्रॅकपॅड थेट ब्लूटूथवर चालतो, त्यांनी कॅबिनेटच्या मागचे छोटे अँटेना जागेवर आहेत ना, ते बघावं. साफसफाईत कुणी काढून ठेवले, तर पल्ला अगदीच आखूड होतो.

थरथर मात्र राहिली. तिच्या नोंदी वेगळ्या होत्या. रात्र असो, दिवस असो, चार्जिंगची वायर पाटीला जोडलेली असली की थरथर. वायर काढली की बंद. तरीही मला खात्री करायची होती. एका सकाळी पत्नीला बोलावलं, वायर जोडली आणि म्हटलं, जरा बोट ठेवा इथं. तिनं कणकेचा हात धुऊन पुसून ठेवला. कर्सर तसाच थरथरला. मी काहीच सांगितलं नव्हतं, तरी ती म्हणाली, "हात तुम्हारा नै कांपरा, ये पट्टीच कांपरी." म्हणजे मी मांडीवर हात ठेवून बसायचो, ते तिनं कधीच पाहिलं होतं.

पाटी तरी का थरथरत होती? कॅबिनेटला उघडा हात लावला की बोटांना मुंग्या यायच्या, हे वहीत एका कोपऱ्यात लिहिलेलं होतं. वायरमननं बोर्ड उघडला. तिसरं भोक नुसतं शोभेचं, त्याच्या मागे अर्थिंगची तारच नव्हती. अशा वेळी कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधला विद्युत गोंगाट जमिनीत उतरत नाही. तो चार्जिंगच्या वायरीतून पाटीत येतो आणि बोटाच्या खऱ्या खुणेत मिसळतो. दोन पिनांच्या हलक्या चार्जरनंही हेच होतं. कर्सरचं सोडा, अशा घरात फ्रिज किंवा वॉशिंग मशीनमध्ये वीज उतरली, तर जिवावर बेततं. आमच्या भागात अशी घरं किती असतील, याचा विचार केला की अंगावर काटा येतो. हे काम स्वतः करू नका, जाणत्या वायरमनलाच बोलवा.

अंगणात खड्डा घेतला, मीठ-कोळसा भरून अर्थिंगची पट्टी पुरली, तार बोर्डापर्यंत आणली. मुंग्या गेल्या, थरथर गेली. पाटी तीच आहे. हाताचं म्हणाल, तर परभणीला जाऊन डॉक्टरांनाही दाखवून आलो. ते काम ट्रॅकपॅडवर सोडण्यासारखं नव्हे. त्यांनी कागदावर वेटोळं काढायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली आणि चहा कमी करा म्हणाले.

एप्रिल-मेमध्ये आमची काळी जमीन भेगाळते आणि कोरड्या मातीत अर्थिंग नीट काम करत नाही. त्या दोन महिन्यांत दर आठवड्याला खड्ड्यात बादलीभर पाणी ओतावं लागतं. वहीच्या शेवटच्या पानावर आता त्याच्याच तारखा आहेत.