गरिबीशी झुंज : जामखेडचा धडा आणि आपला समाज

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





गरिबी हा विषय आपल्याला नवा नाही. तिच्यावर भाषणेही पुष्कळ झाली आहेत. तेव्हा गरिबी किती आहे, हे मी सांगत बसणार नाही. ते तुमच्या-माझ्या मोहल्ल्यात फिरले की दिसतेच. गरिबी हटवण्याचे काम ज्यांनी प्रत्यक्ष केले आणि तेही आपल्याच जिल्ह्यात केले, त्यांनी ते कसे केले, एवढेच आज पाहावयाचे आहे. कारण देणारे हात आपल्या समाजात कमी नाहीत. कमी आहे ती पद्धत.

प्रथम हदीसमध्ये येणारा एक प्रसंग सांगतो. तो आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकला असेल. मदिनेतील एक गरजू इसम पैगंबर साहेबांकडे (स.) मदत मागण्यास आला. त्यांनी विचारले, घरात काही आहे काय? तो म्हणाला, एक जाडेभरडे कापड आहे आणि पाणी पिण्याचे एक भांडे. त्यांनी दोन्ही वस्तू आणावयास लावल्या आणि उपस्थितांमध्ये त्यांचा लिलाव केला. दोन दिरहम आले. एका दिरहमचे घरच्यांसाठी धान्य घे आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आण, असे त्यांनी सांगितले. कुऱ्हाडीला दांडा त्यांनी स्वतःच्या हाताने बसवून दिला. मग त्या इसमाला रानात लाकडे तोडण्यास पाठविले आणि पंधरा दिवसांनी भेटावयास सांगितले. तो परत आला तेव्हा त्याच्याजवळ दहा दिरहम होते.

बंधू-भगिनींनो, या प्रसंगात किती गोष्टी आहेत पाहा. मागणाऱ्याला हाकलून दिले नाही. त्याच्याच घरात काय आहे याची आधी चौकशी केली. पोटाची सोय केली, पण तेवढ्यावर थांबले नाहीत, हाताला साधन दिले. शिवाय मुदत घालून पुन्हा हिशेब विचारला. गरिबी निर्मूलनाचे सारे शास्त्र या चार गोष्टींत आले आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. अहमदनगर जिल्हा, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, त्याच्या आग्नेय टोकाला, बीड जिल्ह्याच्या सीमेला लागून जामखेड तालुका आहे. ज्यांच्या नावाने आज जिल्हा ओळखला जातो त्या अहिल्यादेवींचे जन्मगाव चौंडी याच तालुक्यात. १७९५ च्या लढाईचे खर्डाही येथलेच. इतिहास मोठा, पण पाऊस थोडा आणि जमीन हलकी. अशा या भागात १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य येऊन राहिले. डॉ. रजनीकांत यांचा जन्म १९३४ सालचा, राहुरीचा. आई-वडील दोघेही शिक्षक. दोघा पती-पत्नींनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिक्षण घेतले. लग्नाच्या वेळी खेड्यात काम करण्याचा निश्चय केला. पुढे काही वर्षे नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केले. तेथे त्यांना एक गोष्ट खटकू लागली. आज जुलाबाचे मूल बरे करून घरी पाठवावे, तर महिन्याने तेच मूल तोच आजार घेऊन पुन्हा दारात. आजाराचे मूळ दवाखान्यात नव्हते, ते घाण पाण्यात, उपासमारीत, अज्ञानात होते. म्हणून अमेरिकेत जाऊन त्यांनी सार्वजनिक आरोग्याचे उच्च शिक्षण घेतले आणि तेथे न राहता थेट जामखेड गाठले.

काम सुरू होते न होते तोच १९७२ चा दुष्काळ आला. त्या वर्षाची सुकडी जुन्या माणसांना अजून आठवते. आरोळे दांपत्याच्या लक्षात आले की, लोकांना औषधाआधी अन्न आणि पाणी हवे आहे. मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू झाला, कूपनलिका खोदल्या गेल्या. येथे त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. हातपंप बसवावयाचे ते दलित वस्तीत, अशी व्यवस्था केली. ज्या वस्तीत पाय ठेवणे इतरांना कमीपणाचे वाटे, तेथेच आता साऱ्या गावाला हंडा घेऊन जावे लागले. व्याख्यान न देता शिवाशिवीच्या भिंतीला खिंडार पडले.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग याच्या पुढे आहे. गावोगाव शिकलेल्या परिचारिका पाठवून पाहिल्या, पण ते साधेना. बाहेरून आलेली बाई गावात टिकत नसे आणि गावही तिला आपली मानीत नसे. तेव्हा गावातलीच एक स्त्री गावानेच निवडावी, असा मार्ग निघाला. या स्त्रिया कोण होत्या? बहुतेक निरक्षर, पुष्कळशा दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या, काही विधवा. दर आठवड्याला त्या जामखेडला येत. वेगवेगळ्या जातींच्या त्या स्त्रिया एकत्र जेवत, एकत्र मुक्काम करीत आणि एकत्र शिकत. जुलाबाच्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे, गरोदर बाईची तपासणी कशी करावी, स्वच्छ बाळंतपण कसे करावे, मुलाचे वजन कसे घ्यावे, कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखावा, हे सारे त्या शिकल्या. परत जाऊन घरोघर फिरल्या आणि काय आढळले ते पुढच्या आठवड्याला येऊन सांगू लागल्या.

याचा परिणाम काय झाला? १९७१ साली त्या भागात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके पहिला वाढदिवस पाहत नसत. १९९० च्या दशकात हा आकडा तिसाच्या आत आला. मोठ्या यंत्रांनी हे झाले नाही. पूर्वी जिला अक्षर ओळखता येत नव्हते, अशा बाईने हे केले. आरोग्याबरोबर महिला मंडळे उभी राहिली, शेतकऱ्यांची मंडळे उभी राहिली, बँकेचे छोटे कर्ज काढून बायका किरकोळ धंदे करू लागल्या. आजारपणात जाणारा पैसा वाचला, बुडणारी मजुरी वाचली. गरिबीची एकेक गाठ अशी सुटत गेली. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० साली डॉ. रजनीकांत यांना पद्मभूषण मिळाले. मेबलताई १९९९ साली आणि डॉक्टर २०११ साली निवर्तले. परंतु काम थांबले नाही, कारण ते दोन माणसांच्या खांद्यावर ठेवलेलेच नव्हते.

जामखेडच्या एका आरोग्य सेविकेने परदेशातील सभेत एक दृष्टांत दिला होता. तिचा आशय असा की, डॉक्टर म्हणजे छताला टांगलेले मोठे झुंबर. त्याचा झगमगाट मोठा, पण ते महाग आणि हाताला न लागणारे. गावची सेविका म्हणजे पणती. उजेड थोडा, पण एका पणतीवर दुसरी लावता येते.

कोणी म्हणेल, ही खेड्यातील आरोग्याची गोष्ट झाली. म्हणून दुसरे उदाहरण थोडक्यात सांगतो. नगर तालुक्यातील हिवरे बाजार आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. १९९० साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. श्रमदानाने बांधबंदिस्ती झाली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी गावाने स्वतःवर घालून घेतली. पाऊस किती पडला हे मोजून, त्या वर्षी कोणती पिके घ्यावयाची याचा पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो. १९९५ साली दारिद्र्यरेषेखाली १६८ कुटुंबे होती, पुढील पंधरा वर्षांत ती तीनवर आली. त्या गावात मुस्लिम कुटुंब एकच, पण गावाने त्याच्यासाठी मशीद बांधून दिली. गावाने हिशेब ठेवला तो पाण्याचा, पण माणुसकीतही बाकी ठेवली नाही.

आता आपल्याकडे वळू. सच्चर समितीने २००६ साली दिलेल्या अहवालानुसार ६ ते १४ वयाच्या मुस्लिम मुलांपैकी २५ टक्के मुले एकतर कधी शाळेत गेली नव्हती किंवा शाळा सोडून गेली होती. मुस्लिम मुले मदरशात जातात म्हणून मागे राहतात, असा समज होता. त्याच अहवालाने दाखविले की, मदरशात शिकणारी मुले सुमारे ४ टक्केच आहेत. मग बाकीची कोठे गेली? गॅरेजमध्ये, बेकरीत, हातगाडीवर, आणि मुली असतील तर घरात धाकट्या भावंडांपाशी. मुलगा आठवीत शाळा सोडतो तेव्हा घरात शंभर-दोनशे रुपये रोज येऊ लागतात, हे खरे. पण त्याच दिवशी त्या घराची पुढच्या पिढीची गरिबीही पक्की होते.

यावर आपण काय करतो? रमजानमध्ये जकात काढतो. फार चांगले करतो. परंतु ती कशी वाटली जाते? ईदच्या आधीच्या चार दिवसांत जो दारात येईल त्याच्या हातावर थोडे थोडे ठेवतो. ईद साजरी होते, आणि पुढच्या रमजानला तोच हात पुन्हा दारात. वडाळ्याच्या दवाखान्यातल्या त्या मुलासारखेच हे नव्हे काय? कुरआन शरीफने जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले, त्यांत जकात गोळा करण्याचे व तिची व्यवस्था पाहण्याचे काम करणारेही आहेत. म्हणजे व्यवस्था आणि नोंद ही दीनच्या बाहेरची गोष्ट नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली सूचना मोहल्ल्याच्या नोंदवहीची. प्रत्येक मोहल्ल्यातून एका भगिनीची मोहल्ल्यानेच निवड करावी. ती फार शिकलेली नसली तरी चालेल, विश्वासाची असावी. पन्नास घरे तिच्याकडे द्यावीत. कोणते मूल शाळेत जात नाही, कोणत्या बाळाची लस राहिली, कोणती विधवा एकटी आहे, कोणाचे कागद अपुरे आहेत, हे तिने लिहून ठेवावे. कागदांचे मुद्दाम सांगतो. आधार कार्डावर एक नाव, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये दुसरे, शिधापत्रिकेवर तिसरे, अशी स्थिती पुष्कळ घरांत असते. मग शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो, उत्पन्नाचा दाखला वेळेवर मिळत नाही, आणि दोष नशिबाला दिला जातो. दाखल्यावरचे एक अक्षर वेळीच दुरुस्त केले तर वर्ष वाचते.

दुसरी सूचना जकातीची. तिचा काही भाग कुऱ्हाडीसाठी ठेवावा. एखाद्या भगिनीला शिलाई मशीन, एखाद्या तरुणाला हत्यारांचा संच, एखाद्या विद्यार्थ्याला परीक्षेची फी. देताना नाव जाहीर करून त्याची लाज काढू नये, पण सहा महिन्यांनी आपुलकीने विचारावे, बाबा, काम कसे चालले आहे? व्याजाच्या कारणाने आपल्या भगिनी बचत गटात जाण्यास कचरतात. पण मोहल्ल्यात भिशी तर चालतेच. वीस बायका दरमहा पैसे टाकतात, एकही पैसा इकडचा तिकडे होत नाही. ज्यांना भिशी चालविता येते त्यांना बिनव्याजी कर्जाचा, म्हणजे कर्ज-ए-हसनाचा छोटा निधी चालविता येणार नाही काय?

तिसरी सूचना मुलींच्या शिक्षणाची. बाई घराबाहेर पडली तर लोक काय म्हणतील, हा प्रश्न जामखेडच्या त्या स्त्रियांनाही विचारला गेला असेल. त्यांच्यामागे पैसा नव्हता, जात नव्हती, शिक्षण नव्हते. तरी ज्या दिवशी एखाद्या घरचे मरणाच्या दारातले मूल तिच्या हाताने वाचले, त्या दिवशी त्या घराची तोंडे बंद झाली. तुमची मुलगी सातवी, दहावी झाली म्हणून तिला घरी बसवू नका. उद्या तुमच्या मोहल्ल्याची नोंदवही कोण लिहिणार आहे? तीच.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एकच काम आहे. तुमच्या गल्लीत शाळा सोडलेला एखादा मुलगा किंवा मुलगी असेलच. आठवड्यातून दोन संध्याकाळी त्याच्याजवळ बसा. त्याला वाचावयास शिकवा, तुमचाही धडा पक्का होईल.

आरोळे दांपत्य ख्रिस्ती होते. हिवरे बाजार बहुतांशी हिंदू गाव. हे आपल्या जिल्ह्याचे धन आहे आणि ज्ञान जेथे मिळेल तेथून घ्यावे, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून दिली जाते. संस्थेने या वर्षी निदान एका मोहल्ल्यापासून नोंदवही सुरू करावी आणि पुढील वार्षिक सभेत तिचा हिशेब वाचून दाखवावा, अशी अध्यक्ष महाराजांना नम्र विनंती करतो. वही आणण्याची आणि पहिल्या पन्नास घरांना त्या भगिनीबरोबर जाण्याची जबाबदारी मी घेतो.