तलावाकाठची छोटी वाट



सोलापूर हे पर्जन्यछायेतील शहर. वर्षाकाठी पाऊस बेताचाच. अशा भूमीत साठलेले पाणी ही केवळ शोभा नव्हे. १२ व्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तलाव खोदविला, तो या भूमीची तहान ओळखूनच. विजापूर रस्त्यावरील धर्मवीर संभाजी तलाव, म्हणजेच जुना कंबर तलाव, आणि त्याच परिसरातील सिद्धेश्वर वनविहार सकाळी फिरणाऱ्यांना सुपरिचित आहेत.

या तलावाने जलपर्णीचा विळखा सोसला आहे. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद हे तिचे खाद्य. ती पसरली की सूर्यप्रकाश पाण्यात उतरत नाही, प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात. गाळ व जलपर्णी काढता येते. परंतु सांडपाणी येतच राहिले तर ती पुन्हा फैलावते. म्हणून तलावाचे पुनरुज्जीवन एकदाच करून संपत नाही. त्यास रोजची नजर लागते.

ती नजर पायी चालणाऱ्यापाशी असते. चार हात भूमी न्याहाळून, दिवसाच्या उजेडात पाऊल टाकावे, ही मुनींची ईर्यासमिती. श्रावकाने अर्ध्या तासाच्या फेरीत तिचा अंश जरी पाळला, तरी तो मळलेली वाट सोडणार नाही. कारण टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते आणि ती खड्यांसारखीच दिसतात. रोज त्याच काठाने जाणाऱ्यास पाण्याचा पालटलेला रंग, नवा दुर्गंध किंवा टिबुकलीचे दिसेनासे होणे प्रथम जाणवते. ते महापालिकेच्या वेळीच कानी घालणे, हीदेखील जीवरक्षाच होय.

जीवदयेपोटी माशांना कणकेचे गोळे टाकण्याची रीत आहे. उरलेली कणीक कुजते आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्च होतो. भाव करुणेचा असला, तरी विवेकावाचून तीच करुणा घात करते. वडीलधाऱ्यांचा विवेक सूक्ष्म होता. पाणी गाळल्यावर गाळण्यावरील जीवाणी ते त्याच विहिरीत हळुवार परत सोडत. कारण परक्या पाण्यात ते जीव तगणार नाहीत.

ज्या समाजाने विहिरीतील अदृश्य जीवांची इतकी काळजी वाहिली, त्यास तलावातील दृश्य जीव परके कसे वाटावेत? तेथे काही टाकण्यापूर्वी हात आवरावा आणि चालताना दृष्टी जागी ठेवावी, एवढीच विनंती. जयजिनेंद्र.