वॉरंटी संपली म्हणजे हक्क संपला काय?



लग्नसराईत तालुक्याच्या गावी फर्निचरच्या दुकानांतून एक शब्द हमखास कानी पडतो : ‘संसार सेट’. पलंग, कपाट, आरसा लावलेले ड्रेसिंग टेबल, दोन खुर्च्या. एका टेम्पोत मावणारा हा संसार मुलीच्या आईवडिलांनी वर्षानुवर्षे बाजूला टाकलेल्या पैशांतून, पुष्कळदा हप्त्यांवर, घेतला जातो. तो द्यावा की न द्यावा हा प्रश्न वेगळा आणि तोही महत्त्वाचा आहे. परंतु आजचा विषय तो नव्हे. घेतलेली वस्तू वर्ष-दीड वर्षातच निकामी झाली तर घेणाऱ्याने काय करावे, एवढाच येथे विचार करावयाचा आहे.

कोकणातील एका शिक्षकाच्या घरचे उदाहरण कल्पनेने घेऊ. वैशाखात चाळीस हजार रुपयांचा सेट घरी आला. श्रावणात कपाटाची खालची कड फुगली. दिवाळीपर्यंत लॅमिनेटची पट्टी सुटली, बिजागऱ्यांचे स्क्रू सैल झाले आणि दार लोंबू लागले. दुकानदाराला सांगितले. ‘माणूस पाठवतो’ असे तो म्हणाला. माणूस आला, त्याने स्क्रू आवळले आणि तो गेला. महिन्याभरात स्क्रू पुन्हा निघाले. पुन्हा फोन, पुन्हा ‘पाठवतो’. असे करता करता पुढचा वैशाख उजाडला, आणि मग दुकानदाराने वॉरंटीचे कार्ड पुढे केले. मुदत एक वर्षाची, तीही कुलूप आणि बिजागरी एवढ्यापुरतीच. ‘आता काही करता येणार नाही, गुरुजी.’ गुरुजी परत फिरले. हप्ते अजून चालूच होते.

गुरुजी येथे चुकले. ‘कार्डाची मुदत संपली म्हणजे बोलण्यासारखे काही उरले नाही’ हा समज दुकानदाराइतकाच ग्राहकाच्याही मनात खोल रुजलेला आहे, आणि तो कायद्याला धरून नाही.

मालाच्या विक्रीसंबंधीचा मूळ कायदा १९३० सालचा आहे. त्याच्या कलम १६ मध्ये विक्रीच्या व्यवहारात न बोलताही गृहीत धरावयाच्या शर्ती सांगितल्या आहेत. ज्या प्रकारच्या मालाचा धंदा दुकानदार करतो त्या वर्णनाचा माल त्याच्याकडून घेतला, तर तो विक्रीयोग्य प्रतीचा असला पाहिजे. ग्राहकाने आपली विशिष्ट गरज सांगितली असेल आणि दुकानदाराच्या जाणकारीवर विसंबून वस्तू घेतली असेल, तर ती त्या गरजेस बऱ्यापैकी उपयुक्त असली पाहिजे. याच कलमाच्या शेवटी एक छोटे वाक्य आहे, ते प्रत्येक ग्राहकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे : स्पष्टपणे दिलेल्या हमीमुळे, ती विसंगत नसेल तर, या गर्भित शर्ती रद्द होत नाहीत. अर्थ सरळ आहे. कुलपाची एक वर्षाची हमी दिली, म्हणून फळी फुगली तरी चालेल असे विक्रेत्याला म्हणता येत नाही. कार्ड हे कायद्याने दिलेल्या संरक्षणाच्या जोडीला मिळालेले असते, त्याच्या जागी नव्हे.

दुकानातून ‘गॅरंटी म्हणजे बदलून मिळणार, वॉरंटी म्हणजे दुरुस्ती’ असा एक भेद मोठ्या आत्मविश्वासाने सांगितला जातो. तो बोलीव्यवहारातला आहे. हमीपत्राचे नाव काय आहे यापेक्षा त्यात शब्द कोणते आहेत, हे पाहावे.

आता ग्राहक संरक्षण कायद्याकडे वळू. महाराष्ट्राला ही चळवळ नवी नाही. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची स्थापना केली, तेव्हा देशात असा कायदाच नव्हता. तो १९८६ मध्ये झाला. त्याच्या जागी आलेला २०१९ चा अधिनियम २० जुलै २०२० पासून अमलात आला. या अधिनियमातील ‘दोष’ या शब्दाची व्याख्या रुंद आहे : कायद्याने, स्पष्ट किंवा गर्भित कराराने, अथवा विक्रेत्याने स्वतः केलेल्या दाव्यानुसार जो दर्जा असावयास हवा, त्यातील कोणतीही उणीव म्हणजे दोष. ‘वीस वर्षे हलणार नाही’ असे जाहिरातीत म्हटले असेल, तर तो दावाही दर्जा ठरविताना विचारात घेता येतो. म्हणून जाहिरातीचा कागद जपून ठेवावा. बिल न देणे ही या अधिनियमानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीदेखील तशीच प्रथा आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी ओळ बिलावर छापून सदोष मालाची जबाबदारी झटकता येते, असे कोणत्याही दुकानदाराने समजू नये.

तथापि प्रत्येक मोडलेले लाकूड म्हणजे दोष नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. लाकूड हवेतील ओल घेते आणि सोडते. पावसाळ्यात दार घट्ट बसते आणि दिवाळीनंतर सैल होते, हा लाकडाचा स्वभाव आहे. सागाच्या फळीला उन्हाळ्यात केसाएवढी चीर पडली तर त्यावरून तक्रार करण्यात अर्थ नाही. पलंगावर मुलांनी उड्या मारल्या, कपाट ओल्या भिंतीला टेकवून ठेवले, तर विक्रेत्याला स्वतःची बाजू आहेच आणि आयोग ती ऐकतो. झीज आणि दोष यांतील सीमारेषा कोठे आहे, हे वस्तू कशाची आणि कशी केली आहे यावरून ठरते. म्हणून लाकडाविषयी चार गोष्टी ठाऊक असणे कायद्याच्या कलमांइतकेच उपयोगाचे आहे.

गुरुजींच्या कपाटाची फळी बहुधा पार्टिकल बोर्डची होती. लाकडाचे तुकडे आणि भुसा चिकट रसायनात मिसळून, दाबून ही फळी तयार होते. कोरड्या जागी ती बरी टिकते आणि स्वस्त असते. तिच्या कडा मात्र पट्टीने नीट बंद केलेल्या नसतील, तर रोज पुसल्या जाणाऱ्या फरशीवरचे पाणी ती शोषते आणि फुगते. एकदा आतला भुगा सुटला की स्क्रू कितीही आवळा, त्याला धरावयास काही उरत नाही. दुकानाचा माणूस स्क्रू आवळून गेला, तो नुसता वेळ काढून गेला. प्लायवूडचे तसे नाही. त्याच्या दर्जासाठी भारतीय मानक ब्यूरोची मानके आहेत : सर्वसाधारण वापराच्या प्लायवूडसाठी आयएस ३०३ आणि पाण्याचा मारा सोसणाऱ्या मरीन प्लायवूडसाठी आयएस ७१०. खुर्च्या, टेबले, कपाटे, पलंग अशा तयार वस्तूंसाठीही ब्यूरोने २०२२ मध्ये आयएस १७६३१ ते १७६३६ ही मानके केली असून त्यांत मजबुती आणि टिकाऊपणा यांच्या कसोट्या आहेत. सोफ्याच्या गादीचेही असेच. फोमची ‘डेन्सिटी ३२’ म्हणजे एका घनमीटरला ३२ किलो. हलका फोम भरून वर जाड कापड ओढले की दुकानात फरक कळत नाही. बैठक दबून खड्डा पडतो तेव्हा कळतो.

सर्वांत जास्त फसगत होते ती ‘साग’ या शब्दात. ‘टीक’ म्हणजे साग. ‘टीक फिनिश’ म्हणजे सागाचा रंग. बिलात नुसते ‘वुडन कपाट’ असे लिहिले असेल, तर दुकानदार तोंडी काय म्हणाला ते सिद्ध करणे कठीण जाते. खऱ्या सागातही मधले गाभ्याचे लाकूड टिकाऊ, तर सालीलगतचे पांढरट लाकूड कच्चे. कीड याच भागात सहज शिरते. नव्या पलंगाखाली पिठासारखा बारीक भुगा पडू लागला, तर तो झाडून टाकण्याआधी त्याचे छायाचित्र घ्यावे. लाकूड पोखरणारी कीड पुष्कळदा कारखान्यातूनच लाकडात आलेली असते आणि काही महिन्यांनी बाहेर पडते. हा वापरातून आलेला दोष नव्हे.

यावरून खरेदीच्या वेळचे कर्तव्य आपोआप निघते. फळी कशाची, फोम किती घनतेचा, लाकूड कोणते, हे बिलावर लिहून घ्यावे. कायदा वर्णनाशी जुळणारा माल मागतो. वर्णनच नसेल तर जुळवायचे कशाशी? घर ओलीच्या प्रदेशात आहे, हेही सांगावे आणि शक्य तर लिहून घ्यावे. माल उतरवून घेताना दिसणारे ओरखडे, तडे पावतीवर नोंदवावेत. कारण खरेदीदाराने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसावयास हवे होते अशा दोषांबाबत कलम १६ चे संरक्षण राहत नाही. आत दडलेल्या दोषांबाबत ते राहते.

येथे पंचायत सदस्य आणि मुख्याध्यापक यांच्यासाठी थोडे विषयांतर. शाळेची बाके येतात तेव्हा ‘तपासून माल ताब्यात घेतला’ असा शिक्का बिलावर मारला जातो, आणि पुष्कळदा बाके अजून टेम्पोतच असतात. हा शिक्का पुढे पुरवठादाराच्याच कामी येतो. संस्थेच्या खरेदीत ग्राहक आयोगापेक्षा कराराच्या अटी अधिक उपयोगी पडतात : दोष दुरुस्तीची मुदत, राखून ठेवलेली रक्कम, आणि दोन-तीन बाके प्रत्यक्ष उलटी करून पाहिल्यानंतरच केलेली सही.

घरच्या वस्तूच्या बाबतीत दोष दिसला की पहिली तक्रार लेखी करावी. तारीख, बिलाचा क्रमांक, दोषाचे वर्णन, छायाचित्रे आणि मागणी. दुरुस्ती हवी, बदली हवी, की पैसे परत, हे स्पष्ट लिहावे. मोबाईलवरचा संदेशही चालेल. तो पुसू नये. माल ऑनलाईन घेतला असेल, तर २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावयाची आणि महिन्याभरात तक्रार निकालात काढावयाची असते. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. कित्येक तक्रारी तेथेच मिटतात. हप्ते मात्र रागाने थांबवू नयेत. कर्ज देणारी संस्था वेगळी, विक्रेता वेगळा. हप्ते बुडाले तर दोष नसताना ग्राहकच थकबाकीदार ठरतो.

त्यापुढचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०२१ च्या नियमांनुसार वस्तूसाठी दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार येथे करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या किमतीस शुल्क नाही. विक्रेता मुंबईत असला तरी तक्रारदार स्वतः राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करू शकतो. २०१९ च्या कायद्याने दिलेली ही सोय ग्रामीण ग्राहकाला मोठी आहे. वकील सक्तीचा नाही. आयोग दोष काढून देण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, किंमत परत करण्याचा आणि नुकसानभरपाईचा आदेश देऊ शकतो. तपासणीची गरज नसलेली तक्रार तीन महिन्यांत आणि तपासणी लागणारी पाच महिन्यांत निकालात काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात अधिक वेळ लागतो, हे लपविण्यात अर्थ नाही.

अडचण येते ती दोन ठिकाणी. पहिली मुदतीची. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे गेले पाहिजे. उशिराचे सबळ कारण दाखविल्यास तो माफ होऊ शकतो. परंतु दुकानदाराशी चाललेल्या पत्रव्यवहाराने किंवा त्याच्या आश्वासनांनी ही मुदत आपोआप वाढत नाही. ‘माणूस पाठवतो’ या तीन अक्षरी-चार अक्षरी शब्दांनी ग्राहकाची दोन वर्षे सहज खाल्ली जातात. गुरुजींच्या कपाटाची कड श्रावणात फुगली. पुढच्या वैशाखात दुकानदाराने हात वर केले, तेव्हा त्यांच्यापाशी एक वर्षाहून अधिक काळ शिल्लक होता. त्यांना तो ठाऊक नव्हता.

दुसरी अडचण पुराव्याची. दोष आहे हे दाखविण्याची जबाबदारी मुळात तक्रारदारावर असते, आणि नुसत्या शब्दावर आयोग विसंबत नाही. आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याचे शुल्क तक्रारदाराला भरावे लागते. कपाटासारख्या वस्तूबाबत अनुभवी सुताराचे लेखी मत प्रतिज्ञापत्रासह जोडणे उपयोगी पडते : फळी कशाची आहे, कडा बंद होत्या की नव्हत्या, स्क्रू का धरत नाहीत. गावातल्या सुताराला दहा मिनिटांत जे दिसते, ते कागदावर आले नाही तर आयोगाला दिसत नाही.

आणि मूळ वस्तू जपावी लागते. कपाटाचे दार पूर्ण निखळून पडले, जागा अडू लागली, की घरातले कोणीतरी ती फुगलेली फळी मागच्या पडवीत नेऊन टाकते आणि पावसाळा संपेपर्यंत ती बंबात जाते. निकाल लागेपर्यंत ती फळी, तिला चिकटलेली लॅमिनेटची पट्टी आणि सुटलेले स्क्रू एका पिशवीत बांधून, कोरड्या जागी, बिलासोबत ठेवावेत.