मुक्या सोबत्याचे पोट



संत नामदेवांची कथा आपण सर्वांनी बालपणीच ऐकली आहे. कुत्र्याने पोळी पळविली, तेव्हा त्याने ती कोरडी खाऊ नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले. पुढे पंजाबपर्यंत आलेले हे संत आम्हां दिल्लीकर मराठी मंडळींस विशेष जवळचे. त्यांच्या भूतदयेस वंदन करूनच आम्ही आज तुपाच्या वाटीविरुद्ध चार शब्द बोलणार आहोत.

आपल्या घरांत कुत्र्यावरील माया बहुधा ताटातूनच व्यक्त होते. परंतु तूप-तळणाच्या अतिरेकाने त्याच्या स्वादुपिंडास सूज येऊ शकते. प्रसादाच्या शिऱ्यातील बेदाणे त्याच्या मूत्रपिंडांस घातक ठरू शकतात. कांदा-लसणाने त्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट होतात आणि चॉकलेट तर त्यास विषच होय.

आजार ओळखावा कसा? धडधाकट, वयात आलेल्या कुत्र्यास एखादी वांती झाली, पण तो खेळतो आहे, पाणी पचवितो आहे, तर एक वेळचे जेवण टाळावे. थोडेथोडे पाणी द्यावे. नंतर मऊ भात आणि हाडे काढलेली उकडलेली कोंबडी, मीठ-मसाल्याविना, अल्प प्रमाणात द्यावी. पिलांस मात्र उपाशी ठेवू नये. त्यांना दाखवावयासच न्यावे.

वांत्या थांबत नाहीत, शौचात रक्त आहे, हिरड्या कोरड्या-चिकट झाल्या आहेत, खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडली असता सावकाश बसते, अशी लक्षणे दिसताच घरगुती उपचार थांबवावेत. दिल्लीच्या मे-जूनमध्ये शरीरातील पाणी फार लवकर आटते. मोठ्या जातीच्या कुत्र्याचे पोट फुगले आणि नुसतेच कोरडे उमाळे येऊ लागले, तर जठरास पीळ पडला असण्याचा संभव असतो. तेथे तासाभराचाही विलंब परवडत नाही. आपल्या डोकेदुखीची वा तापाची गोळी त्यास कदापि देऊ नये.

पिलांचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे पार्व्हो. १९७८ साली हा रोग ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. त्याचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. रोग जडल्यावर भिस्त मुख्यतः सलाईन आणि शुश्रूषा यांवरच असते. लस मात्र खात्रीचे संरक्षण देते. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, निदान सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत ती द्यावी. तोवर पिलू सोसायटीच्या बागेत सोडू नये.

पशुवैद्यक आपणांस परके नाही. देशाची पशुरोग संशोधन संस्था १८८९ साली पुण्यातच स्थापन झाली आणि १८९३ मध्ये, आपल्यासारखीच, उत्तरेस मुक्तेश्वरला आली. गुरुग्राम असो, नोएडा असो वा करोलबाग, रात्री उघड्या असणाऱ्या पशुचिकित्सालयाचा क्रमांक प्रत्येक घरी लिहिलेला असावा आणि शेजाऱ्यासही ठाऊक असावा.

मुक्या जीवास आपले दुखणे सांगता येत नाही. ते आपणच वाचावयाचे असते. नामदेवांची धाव आपण अवश्य घ्यावी. मात्र ती वाटी घेऊन नव्हे, तर आजारी सोबत्यास घेऊन, आणि वैद्याच्या दिशेने, एवढीच विनंती.