परतफेड फक्त पैशांची नसते

मी हुडकेश्वर भागातल्या बचत गटांची समन्वयक. माझा दिवस पासबुकं, हजेरीपट, कर्जाचे अर्ज आणि बँकेच्या चकरा यांत जातो. आज मात्र मी हप्त्यांविषयी बोलणार नाही. आज बोलायचं आहे कॉलेजच्या पोरींविषयी, रांगोळीविषयी आणि संशोधनाविषयी. संशोधन म्हटलं की रेडिओ बंद करू नका. या गोष्टीचा आपल्या गटांशी जवळचा संबंध आहे, तो शेवटी सांगते.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते. काही वर्षांपूर्वी एका प्रकल्पाची माणसं आमच्या गटाच्या बैठकीला आली होती. त्यांनी मोठे पांढरे कागद पसरले, बायांच्या हाती रंगीत पेनं दिली आणि वस्तीचा नकाशा काढायला लावला. बाया रंगून गेल्या. कोणी नळ काढला, कोणी अंगणवाडी, कोणी दारूचं दुकान. मग फोटो काढणं सुरू झालं. आमच्या एक काकू तोंडावर पदर घेऊन मागं सरकल्या. मी त्यांना म्हटलं, "काढू द्या ना काकू, चांगल्या कामासाठीच आहे." माझ्या शब्दाखातर त्या समोर आल्या.

पुढं तो फोटो एका पुस्तिकेत छापला गेला. खाली जे लिहिलं होतं, ते काकू कधी बोलल्याच नव्हत्या. पुस्तिका फिरत फिरत त्यांच्या घरच्यांपर्यंत पोचली आणि घरात महाभारत झालं. काकूंनी बैठकीला येणं सोडलं. बचतीचे पैसे नातीच्या हाती पाठवायच्या, स्वतः मात्र यायच्या नाहीत. आणि आमचा तो नकाशा? गुंडाळी करून नेला, तो पुन्हा दिसलाच नाही. कितीतरी महिने बैठकीत एक आजी मला विचारायच्या, "ताई, आपला कागद वापस आला काय?"

म्हणून गेल्या वर्षी पाच पोरी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "ताई, आम्हाला गटातल्या बायांसोबत कलेतून संशोधन करायचं आहे," तेव्हा मी आधी चहासुद्धा विचारला नाही.

या पोरी आमच्याच ले-आउटमध्ये भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या. दोघी समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या, एक चित्रकलेची, एक मराठीत एम.ए. करणारी आणि एक समाजशास्त्राची. वेगवेगळी कॉलेजं, वेगवेगळे विषय, पण दर रविवारी एकीच्या खोलीवर जमायच्या. त्यांचं म्हणणं असं की, प्रत्येकीला प्रबंध लिहायचा आहे, पण एकटीनं लायब्ररीत बसून लिहिण्यापेक्षा सोबत शिकू. आणि नुसते फॉर्म भरून घेण्यापेक्षा चित्र, गाणी, नाटुकली यांतून बायांनाच सांगू देऊ.

मी विचारलं, "फॉर्ममध्ये काय वाईट आहे?" खरं सांगते, मला फॉर्म आवडतात. फॉर्म भरला की काम झाल्यासारखं वाटतं.

त्यांनी उत्तर दिलं नाही, करून दाखवलं. विषय होता, संध्याकाळी कामावरून घरी येतानाची बायांची वाट. आधी साधा फॉर्म भरून घेतला. त्यात एक प्रश्न होता, "तुमच्या रस्त्यावर दिवे आहेत का?" जवळजवळ सगळ्यांनी "हो" लिहिलं. खोटं नव्हतं ते, दिवे आहेतच. मग पुढच्या रविवारी समाजमंदिराच्या अंगणात बायांना आपापली वाट रांगोळीनं काढायला सांगितली. निवांत चालता ती वाट पांढरी, पाय आपोआप भराभर पडतात ती लाल.

मैत्रिणींनो, पंधरा बायांनी पंधरा वाटा काढल्या. आपली बस जिथं सोडते तिथून मुख्य रस्ता पांढरा, दुकानांची ओळ पांढरी. आणि एका वळणावर येऊन सगळ्या रेघा लाल झाल्या. तिथं दिवा आहे, पण दिव्याच्या पुढं मोकळे प्लॉट, वाढलेलं गवत आणि संध्याकाळी बसणारं टोळकं. दिव्याखाली आपण त्यांना दिसतो, ते आपल्याला दिसत नाहीत. बाया अंगणाच्या कडेला उभ्या राहून ती लाल रेघ बघत राहिल्या. एक जण म्हणाली, "मला वाटायचं मीच भित्री आहे."

तेव्हा मला कळलं की कलेतून संशोधन म्हणजे काय. चित्र सुंदर यावं हा त्याचा हेतू नसतो. जे आपण फॉर्मवर लिहीत नाही, कधी तर स्वतःलाही सांगत नाही, ते हातातून बाहेर पडतं. आणि बाजूला बाजूला ठेवलं की एकटीचं दुखणं सगळ्यांचं आहे हे दिसतं.

हे काही नवीन खूळ नाही. पोरींनी आम्हाला चीनमधली एक गोष्ट सांगितली. १९९२ साली तिथल्या युन्नान प्रांतात ६२ खेडूत बायांच्या हाती कॅमेरे दिले गेले होते. कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस या दोन अभ्यासक बायांची ती कल्पना. फोटो काढायचे ते गावातल्या बायांनीच, त्यावर आपसात बोलायचंही त्यांनीच आणि ते अधिकाऱ्यांपुढं मांडायचेही त्यांनीच. त्या फोटोंतून आई शेतात राबत असताना लहान लेकराला कोण सांभाळतं, पाणी किती लांबून आणावं लागतं, हे प्रश्न पुढं आले. आज जगभर ही पद्धत वापरतात.

इतकं लांब कशाला जायचं? आपल्या महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातून जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं काम सुरू केलं. पॉइत्वाँ मूळचे फ्रान्सचे, पण इथलेच होऊन राहिले. ओव्या गोळा करणाऱ्यांत गावातलेच कार्यकर्ते होते, गाणाऱ्या बाया होत्या. अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. पुढं 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहानं तो ठेवा लोकांपुढं आणला. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. तिथं ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव दिलेलं असतं. "एक ग्रामीण महिला" असं नाही. तिचं नाव.

आणि मुंबईत 'पुकार' नावाची संस्था आहे. अर्जुन अप्पादुराई हे तिचे संस्थापक. २००५ पासून तिथं तरुण मुलामुलींचे गट करून वर्षभर संशोधन करायला शिकवलं जाऊ लागलं. त्यात कॉलेजची मुलं असायची तशी वस्तीत वाढलेली, काम करून शिकणारीही असायची. विषय त्यांनीच निवडायचा, आपल्याच जगण्यातला. अप्पादुराई यांनी २००६ साली संशोधन हा माणसाचा हक्क आहे, अशी मांडणी केली. म्हणजे जसा रेशनचा हक्क, शिक्षणाचा हक्क, तसा आपल्या प्रश्नाचं उत्तर आपण शोधण्याचा हक्क. तो काही फक्त डॉक्टरेट मिळवणाऱ्यांचा नाही.

आता परत आमच्या पाच पोरींकडे. रांगोळी झाली, बाया खूष झाल्या, पण माझ्या डोक्यात ती जुनी पुस्तिका होती. मी त्यांना बसवलं आणि काकूंची गोष्ट सांगितली. माझी चूकही सांगितली. मग म्हटलं, "तुमचा हाही एक गटच आहे ना? मग गटाचे नियम पाळा. आमची पंचसूत्री तुम्हालाही लागू."

तुम्हाला पंचसूत्री पाठ आहेच. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि हिशेब लिहिणं. आम्ही बसून त्यांच्या कामाची पंचसूत्री केली.

बैठक, दर रविवारी, परीक्षा असली तरी अर्धा तास. बचत म्हणजे जे पाहिलं, ऐकलं, काढलं ते एका सामायिक वहीत जमा करायचं, आपल्या एकटीच्या पिशवीत ठेवायचं नाही. अंतर्गत कर्ज म्हणजे जिला जे येतं ते दुसरीला द्यायचं. चित्रकलेवालीनं रंग शिकवायचे, मराठीवालीनं बायांचं बोलणं जसंच्या तसं उतरवायला शिकवायचं. आमच्या आज्यांनी भुलाबाईची गाणी सांगायची, पोरींनी त्यांचे अर्ज लिहून द्यायचे. हिशेब म्हणजे कोणाचं चित्र, कोणाचा फोटो, तिनं कशाला होकार दिला आणि कशाला नाही, याची नोंद. नाव छापायचं का, चेहरा दाखवायचा का, हे प्रत्येक वेळी नव्यानं विचारायचं. एकदा 'हो' म्हटलं म्हणजे कायमचं 'हो' नाही.

आणि परतफेड. आपण बायांकडून जे नेतो, ते परत आणायचं. प्रबंध विद्यापीठात जायच्या आधी बायांना वाचून दाखवायचा. प्रत्येक चित्राची एक प्रत गटाच्या पेटीत राहील.

वाटतं तितकं सोपं नव्हतं हे. पोरींमध्येच भांडणं झाली. प्रबंध प्रत्येकीनं स्वतंत्र द्यायचा असतो, मग सामायिक वहीतलं कोणी किती घ्यायचं? सगळ्या मिळून केलेल्या कामावर एकीचंच नाव कसं लावायचं? दोन रविवार दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. शेवटी ठरलं की प्रत्येकीनं आपला वेगळा प्रश्न घ्यायचा, आणि वहीतलं काही घेतलं तर ते कोणी आणलं ते तिथंच लिहायचं. गटातही असंच असतं बायांनो. पैशावरून कमी आणि मानावरून जास्त भांडणं होतात.

दिवाळीनंतर समाजमंदिरात दोरी बांधून सगळी चित्रं लावली. रांगोळीचे फोटो, कापडाच्या तुकड्यांवर शिवलेल्या वाटा, हातानं लिहिलेली गाणी. घरची माणसंही बघायला आली. आणि नातीचा हात धरून आमच्या त्या काकूही आल्या.

काकू मधल्या काळात आपल्या घरीच एक चित्र काढून पोरींना देत होत्या, हे मला माहीतच नव्हतं. मराठीवाली त्यांच्याकडे संध्याकाळी जाऊन बसायची म्हणे. चित्र साधंच होतं. एक दार, दाराच्या आत एक बाई आणि बाहेर बऱ्याच बाया गोल करून बसलेल्या. खाली नाव नव्हतं. पण आमच्या गटातल्या प्रत्येकीनं ते ओळखलं.

काकू बराच वेळ दोरीसमोर उभ्या राहिल्या. मग त्यांनी चिमटा काढला, चित्राची घडी केली आणि म्हणाल्या, "हे माझ्या घरीच राहू दे. पुस्तकात नको."

पोरीचा चेहरा उतरला. तिच्या प्रबंधाचं सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण त्या चित्रावर लिहिलेलं होतं आणि जमा करायला तीन आठवडे राहिले होते. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी समजावेन असं तिला वाटलं असेल. एकदा समजावलं होतं मी. या वेळी गप्प राहिले.

पोरगी म्हणाली, "ठीक आहे काकू. तुमचंच आहे." तिनं ते प्रकरण काढून टाकलं, दुसरं लिहिलं. तीन आठवडे नीट झोपली नाही.

पुढच्या बैठकीला काकू आल्या. मागं बसल्या, पण आल्या. पेटीतल्या वहीवर स्वतः सही केली.

लाल वळणाचं काय झालं, तेही सांगते. त्या रांगोळीचा फोटो जोडून वस्तीतल्या बायांनी झोन कार्यालयात अर्ज दिला आहे. गवत काढा आणि प्लॉटच्या बाजूलाही दिवा लावा, एवढीच मागणी. पोच घेतलेली आहे आणि आम्ही दर महिन्याला विचारायला जातो. मी आज इथं बोलते आहे तोपर्यंत दिवा लागलेला नाही. पण आता कोणी बाई स्वतःला भित्री म्हणत नाही, आणि त्या वळणावर बाया दोघी-तिघी मिळून निघतात.

जाता जाता दोन गोष्टी. तुमच्या गटाकडे कोणी विद्यार्थी, कोणी संस्था कागद-रंग घेऊन आली, तर त्यांना हाकलू नका. पाणी द्या, बसवा. पण चार प्रश्न विचारा. हे कशासाठी? आमचं नाव, आमचा फोटो कुठं कुठं जाणार? मनात आलं तर मागे घेता येईल का? आणि आमची प्रत आम्हाला कधी मिळणार? उत्तरं वहीत लिहून घ्या, त्यांची सही घ्या. कर्ज देताना घेतोच ना आपण?

आणि ज्या पोरी शिकत आहेत, प्रबंध लिहीत आहेत, त्यांना सांगते. एकट्या लिहू नका, चार जणी मिळून बसा. आमच्याकडे या. आमच्या हातात रांगोळी आहे, सुई-दोरा आहे, गाणी आहेत. खुशाल उचल घ्या. फक्त बचत गटात शिरताना एक लक्षात ठेवा, इथं घेतलेलं परत करावं लागतं.