घरामागची दहा फूट जागा

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही जिनिंगमधले कामगार. शाळा आठवीत सुटली, पुढचे शिक्षण याच विहारातल्या पुस्तकांच्या कपाटाने दिले. समितीने 'घरचा भाजीपाला' हा विषय दिला आणि आम्ही हो म्हटले, त्याला कारण आमच्या हातून झालेली एक चूक आहे. ती आधी सांगतो.

जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. रेच्यावर रात्रपाळी करून सकाळी घरी यायचे आणि तासभर मागच्या वाडीत मेथी-पालकाला पाणी द्यायचे, असा आमचा क्रम. पाणी द्यायला एक डबा होता. एका शेतावरून आणलेला, फवारणीच्या औषधाचा, रिकामा. दोनदा धुतला, बुडाला खिळ्याने भोके पाडली, झाली आमची झारी! दोन हिवाळे घरादाराने त्या पाण्याची भाजी खाल्ली. एक दिवस शेजारच्या म्हाताऱ्या माय कुडावरून म्हणाल्या, "बापू, त्या डब्याचा वास पाह्यला काय रे?" पाहिला. वास होताच. उभी मेथी त्याच दिवशी उपटली, डबा फोडला. लेकरांना काही झाले नाही, हे आमचे नशीब, अक्कल नव्हे.

मग २०१७ साल आले. कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले. रोजीने फवारायला जाणारी आपल्यासारखीच माणसे. तेव्हा पेपरात जी औषधांची नावे आली, त्यात मोनोक्रोटोफॉस होते. भाजीपाल्यावर ते वापरायला २००५ पासूनच बंदी होती. आमच्या डब्यात काय होते? आम्ही त्यावरचा कागद वाचलाच नव्हता. ज्याला वाचता येते त्याने वाचले नाही, याची लाज आम्हाला अजून वाटते. म्हणून हात जोडून सांगणे आहे, असा डबा घरात पाण्याला नको, धान्याला नको, रोपालाही नको.

आता लागवडीचे. आम्ही हिशेब आपल्या सणांवर ठेवतो, म्हणजे विसर पडत नाही. आषाढ पौर्णिमेला वर्षावास लागला की दोडके, कारले, कोहळे, वाल यांचे बी टाकायचे, बाजूला अंबाडी. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून वाफा वीतभर उंच करावा, नाहीतर मुळे कुजतात. वांगी-मिरचीचे रोप त्याच दिवसांत. वाल मात्र सबुरीचा. पावसाळाभर नुसता मांडवावर पसरतो. दिवस लहान झाले की फुलावर येतो. घरची बाई पहिल्या वर्षी म्हणाली, "हा वेल काय कामाचा जी, नुसता पालाच पाला!" पुढे शेंगा वाटता वाटता तीच थकली.

विजयादशमीला दीक्षाभूमीवरून परतलो की मेथी, पालक, मुळा, सांबार. सांबाराचा दाणा रगडून दोन फाका करून पेरावा. सगळे एकदम पेरू नका, दहा-बारा दिवसांनी एकेक पट्टा पेरा. मेथी महिनाभरात हाती येते. पालक मुळासकट उपटू नये, पाने कापत राहावी. कडक थंडीत भेंडी पेरून आम्ही दोनदा फसलो, गार मातीत ते बी उगवत नाही. फेब्रुवारी सरता पालक फुलावर जातो. मग चवळी, गवार, आणि उन्हाळ्याची आपली चिवळ. मे महिन्यात मात्र आम्ही हात टेकतो. पाणी माणसालाच पुरत नाही तर भाजीला कुठले?

न्हाणीचे पाणी वेलाच्या, केळीच्या बुडाशी चालते. पण साबणाचे पाणी पालेभाजीवर नको. मावा पडला तर सकाळी दवात चुलीची राख भुरभुरावी. नाही हटला तर पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्या, गाळून शिंपडाव्या.

माय-बहिणींनो, तुमच्यापैकी किती जणींना डॉक्टरांनी रक्त कमी सांगितले आहे? आमच्या घरीही तेच होते. गोळ्या बंद करू नका, पण भाजीवर लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका; चहाने भाजीतले लोह अंगी लागत नाही. आणि घरात शेवटी जेवणारीच्या ताटात भाजी उरते का, हे पुरुषांनी पाहावे. आम्ही हे फार उशिरा पाहिले.

कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लाखो माणसे तुरुंगात गेली. जमिनीसाठी तुरुंगात गेलेल्यांची आपण लेकरे, आणि घरामागच्या दहा फुटांत आपण फुटका संडासाचा पत्रा नि सायकलचे टायर ठेवतो! रागावू नका, आमच्याकडेही तेच होते.

शेजारच्या त्या माय आता नाहीत. त्यांच्या वालाचे बी आम्ही राखेत घालून जपले आहे. ते आणि मेथीच्या पुड्या इथे कपाटात ठेवल्या आहेत. वंदना झाल्यावर घेऊन जा. वालाचे बी पुढच्या आषाढासाठी जपा, मेथी याच आठवड्यात पेरा.

जयभीम!