खिदमत एकट्याची नसते



मित्रमैत्रिणींनो, मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. पण गेली तीन वर्षं माझं पूर्णवेळ काम म्हणजे अम्मी. अर्धांगवायूनं तिची उजवी बाजू गेली. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. साखर तपासणं, इन्सुलिन, डायपर, भरवणं, आणि रात्री पुन्हा कूस. तीन भावंडांत मी एकटी अविवाहित, म्हणून नोकरी मीच सोडायची हे कुणी न बोलताच ठरलं. आज मात्र मला अम्मीच्या नव्हे, माझ्या आजाराबद्दल बोलायचं आहे.

दुसऱ्या वर्षी मला रडू येईनासं झालं. हसूही नाही. जेवण बेचव. अम्मी शांत झोपलेली असली तरी पहाटे तीनला मला टक्क जाग. मैत्रिणीचा फोन वाजताना नुसती बघत राहायची. थकवा असेल तर विश्रांतीनं उतरतो; हे उतरत नव्हतं. अशी अवस्था सलग दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ राहिली तर ते नैराश्य असू शकतं, डॉक्टरांना दाखवायला हवं.

घरी सांगितल्यावर उत्तरं आली: "सब्र कर." "नमाजमध्ये दिल लाव." "आईची खिदमत करणाऱ्याला कसलं डिप्रेशन?" हेतू कुणाचाच वाईट नव्हता. पण अम्मीच्या इन्सुलिनला कुणी ईमानाची कमतरता म्हणत नाही, मग माझ्या गोळीला का? हजार वर्षांपूर्वी अबू झैद अल-बल्खी (मृत्यू इ.स. ९३४) यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. कारण माहीत असलेलं दुःख वेगळं आणि कारण न कळणारी, शरीरात मूळ असलेली उदासी वेगळी, असं त्यांनी त्यात मांडलं. मनाचा इलाज ही काल-परवाची फॅशन नाही.

मी सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात गेले. केसपेपर काढला, रांगेत बसले. डॉक्टरांनी विचारलं, "रात्री किती वेळा उठता?" मग विचारलं, "तुमच्याऐवजी कधी कोण उठतं?" दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागले. बरं वाटलं म्हणून त्या आपल्या मनानं बंद करायच्या नसतात. पण गोळी माझ्याऐवजी रात्री उठणार नव्हती. आमच्या क्षेत्रात महत्त्वाची सिस्टीम एकाच सर्व्हरवर ठेवत नाहीत. तो बसला की सगळं बसतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची सगळी काळजी मात्र आपण एकाच माणसावर ठेवतो.

"जरा मदत करा" म्हटल्यावर सगळे हो म्हणायचे आणि कुणी यायचं नाही. म्हणून मी कागदावर वेळा लिहिल्या. शनिवारची रात्र मोठ्या भाईजानची. रविवारी सकाळी नऊ ते एक भाभीजान. आखातात असलेला धाकटा भाऊ दिवसा येणाऱ्या मावशींचा पगार देतो. सुरुवातीला कुरबुर झाली. आता भाईजान अम्मीला भरवतात तेव्हा नातेवाईक तारीफ करतात. करू देत, पण मुली आणि सुना हेच रोज करतात, त्याचीही कुणी दखल घ्यावी. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदासुद्धा आई-वडिलांची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर टाकतो.

अम्मी अजून अंथरुणावरच आहे, माझ्या गोळ्याही चालू आहेत. पण मी पुन्हा मैत्रिणींचे फोन उचलते.

तुमच्यापैकी कुणी असं घर सांभाळत असेल आणि सकाळ होऊच नये असं वाटत असेल, तर आजच घरातल्या एकाला सांगा. तेही जमत नसेल तर १४४१६ फिरवा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर उद्यावर टाकू नका.

आणि बाकीच्यांनो, तुमच्या मोहल्ल्यात अशी एखादी ताई किंवा भाई नक्की असेल. त्यांच्यासाठी दुआ जरूर करा. पण या रविवारी त्यांच्या दारात जाऊन म्हणा, "दोन तास मी बसतो, तुम्ही बाहेर जाऊन या."